फिटलेलं उसनं

येसूबाई आणि गोदूबाई या सख्ख्या जावा एकाच कारखान्यात कामाला होत्या, यात कारखान्याचा काही दोष नव्हता. खालापूरच्या बाजूला बाईला भातशेतीपलीकडे दुसरं काम म्हणजे तोच एक. नागूशेठनी खोपोली रस्त्याला लागून असलेली आपली जमीन सपाट करून तिथे शेड उभ्या केल्या होत्या, आणि त्यांत लष्करासाठी कॅनव्हासच्या किटबॅगा शिवल्या जात. बायका त्यांना सरळ पिशव्या म्हणत. सीमेवरचा जवान खांद्याला मारतो ती पिशवी आपण शिवतो, याचा अभिमान पहिल्या महिन्यात असतो. पुढे बोटं दुखायला लागतात.

येसूबाई थोरली. नवरा गेल्यावर शिलाई मशीनवर बसली आणि तिथून कापडाच्या स्टोअरपर्यंत पोचली. इंग्रजी अक्षरं तिने खोक्यांवरचे छाप बघून बघून लावली होती. स्टोअरची चावी तिच्या कमरेला असे. कारखान्यात खुर्चीवर बसून काम करणारी बाई ती एकटीच. गोदूबाई धाकटी, कटिंगच्या एक नंबर टेबलाची मुकादम. हात विजेसारखा, तोंडही. तिचं म्हणणं असं, की स्टोअर खरं तर तिला मिळायचं होतं, पण शेठने विधवेवर दया दाखवली. हे ती येसूबाईला ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात सांगायची.

घरी दोघींचं अंगण एक, विहीर एक, चुली दोन. बोलणं कामापुरतं, आणि काम नसलं तर टोमण्यापुरतं.

सत्त्याऐंशी साली लष्कराच्या नव्या कंत्राटात एक कलम आलं. कुठलीही पिशवी उचलली की ती कुठल्या लॉटच्या कापडाची ते सांगता आलं पाहिजे, आणि कुठल्याही लॉटचं नाव घेतलं की त्या कापडाच्या सगळ्या पिशव्या बाजूला काढता आल्या पाहिजेत. लॉट म्हणजे गिरणीत एकदम विणलेलं, आणि बुरशी लागू नये म्हणून एकाच हौदात औषध पाजलेलं कापड. ही सगळी नोंद कॉम्प्युटरवर हवी होती. शिवाय प्रत्येक खेपेच्या कागदावर नोंद खरी असल्याची सही हवी होती, स्टोअरकीपरची.

कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी थंड हवेची खोली बांधली, जिच्यात उन्हाळाभर शेठ स्वतःच जास्त बसले. आता प्रश्न होता तो कॉम्प्युटरमध्ये घालायच्या प्रोग्रामचा.

पहिला आला शेठचा जावई गजा. कर्जतला स्टेशनजवळ त्याचं टाईपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे तो आता कॉम्प्युटरचं सामानही विकायचा. त्याने चकचकीत खोक्यातून फ्लॉप्या काढल्या आणि एक जाड पुस्तक काढलं, जे त्याने वाचलेलं दिसत नव्हतं.

"तयार माल," तो म्हणाला. "आज घातला, उद्या चालू. मुंबईतले घाऊक व्यापारी हाच वापरतात."

"कसले व्यापारी, जावईबापू?" येसूबाईने विचारलं.

"सगळे. किराणा, कापड."

"बरं. मग ताग्याचा लॉट कुठं घालायचा?"

"लॉट कशाला? माल आला, माल गेला, शिल्लक किती. हिशेब जुळतो की नाही?"

"त्यांना हिशेब नकोय. पिशवी कुठल्या कापडाची ते पायजे त्यांना."

"मावशी, मोठमोठे लोक वापरतात हो हा."

"ते पिशव्या शिवतात?"

गजाने सासऱ्याकडे बघितलं. सासऱ्याने थंड हवेच्या यंत्राकडे बघितलं. मग गजाने करून दाखवलं. एक तागा कटिंगला दिला असं समजू, म्हणाला. मशीनने गिऱ्हाईकाचं नाव मागितलं, तेव्हा त्याने गोदूबाईचं टाकलं. छपाईयंत्र बराच वेळ किरकिरलं आणि चिठ्ठी बाहेर आली. तळाला ठळक अक्षरांत होतं, थँक यू, पुन्हा या.

गोदूबाईने ती चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट केली. "या कारखान्यात मला पयल्यांदा कोनीतरी थँक्यू म्हटलं," ती म्हणाली. "मला हाच पसंत हाय."

"ते खालचं काढता येईल का?" येसूबाईने विचारलं.

"नाही. आतून बंद असतो प्रोग्राम. आहे तसाच वापरायचा."

"म्हंजे लष्कराला पण पुन्हा या म्हणायचं."

दुसरा आला सोमा. भिसेगावचा, पस्तिशीतला, मुंबईत एका कचेरीत कॉम्प्युटरवरच काम करायचा. हातात खोकं नव्हतं. तो म्हणाला, "मी तुमच्या कामाप्रमाणे लिहून देतो. वेळ लागेल, पावसाळा जाईल. आणि आधी मला सगळं बघू द्यावं लागेल. स्टोअर, टेबलं, मशीन, पॅकिंग."

नागूशेठ हसले. "रेडीमेड शर्ट अंगात घालून बघता येतो बाबा. शिवायला टाकलेला दिवाळी झाल्यावर मिळतो."

"मिळतो, पण त्याची बटणं अंगावर लागतात," सोमा म्हणाला.

शेठला ते आवडलं नाही. शिवाय जावयाला नाही म्हणायचं तर घरी मुलीचं तोंड बघावं लागणार. शेठ हुशार माणूस. त्यांनी सगळ्यांसमोर येसूबाईला पुढे केलं.

"सही तुझी, येसू. तूच सांग काय घ्यायचं ते."

येसूबाईला कळलं की हा मान नाही, हे ओझं आहे. तरी तिने सांगितलं. "सोमाचा घ्या. जावईबापूंच्या मशीनला कापड आन् साखर एकच वाटते."

"बघ हां," शेठ म्हणाले. "पयली तपासणी पास नाय झाली तर मला लष्कराला काहीतरी करून दाखवावं लागंल. स्टोअरकीपर बदलला, असं सांगीन. चावी गोदूकडं जाईल."

"मी काय मागितली नाय," गोदूबाई म्हणाली. पण तिने पदर असा खोचला, की चावी अडकवायला तिथे जागा झाली.

कारखान्याला सुट्टी शुक्रवारी असायची, म्हणून सोमा रविवारी यायचा. आपली मुंबईची सुट्टी तो इकडे घालवायचा आणि त्याबद्दल कुणी त्याला खुर्ची दिली नाही. तो उभा राहून विचारायचा. तागा आला की आधी कुठे ठेवता? का तिथेच? कापताना उरलेला तुकडा कुठे जातो? त्याचं काय करता? बायकांना पगार नगावर मिळायचा, त्यामुळे उत्तर द्यायला थांबलं की पैसे बुडायचे. महिन्याभरात सगळ्या शेडने त्याचा राग धरला.

"ह्याला घरी बायको नाय का?" दोन नंबर टेबलाची मुकादम धोंडूबाई म्हणायची. "इतकं तर मला सासूने विचारलं नाय."

चहा आला की त्याचा ग्लास निराळा यायचा, कडेला ठेवलेला. दुसऱ्या रविवारपासून तो घरून थर्मास आणू लागला. येसूबाईने ते बघितलं आणि पुन्हा नोंदवहीत मान घातली. गोदूबाईने बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं, ग्लास वाचला."

एका रविवारी त्याने दोघी जावांना एकदम गाठलं. "टेबलावरचा तागा संपला आणि स्टोअर बंद असलं तर काय करता?"

"उसना घेतो," गोदूबाई म्हणाली.

"कुणाकडून?"

"बाजूच्या टेबलाकडून. नायतर हिच्याकडून. गुरुवारी सांजचं हिचं खातं बंद झालेलं असतं, तरी देते. न देऊन जाती कुठं."

"मग?"

"मग काय, आमाला तागा मिळाला की तेवढाच परत."

"आणि मग?"

गोदूबाईने त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मग फिटलं. तुमच्याकडं नसतं का उसनं?"

"असतं की," सोमा म्हणाला. "तुमच्याकडून कधी आलं नाही, इतकंच."

गोदूबाईने कात्री पुन्हा कापडात घातली. मग त्याने वहीत बघत विचारलं, "परत केल्यावर त्याची नोंद ठेवायची का?"

इकडच्या गावांत उसन्याचा एक रिवाज आहे. तांदूळ असोत, तेल असो, दागिना असो, मापाने न्यायचं आणि मापाने द्यायचं. दिलं की विषय संपला. फिटलेल्या उसन्याचं नाव काढणं म्हणजे समोरच्याला चारचौघांत भिकारी म्हणणं. ते कुणी काढत नाही. काढलंच तर अशा भांडणात, ज्याच्यानंतर बोलायचंच नसतं.

"फिटल्याची कसली नोंद?" गोदूबाई म्हणाली. "पुसून टाकायचं."

सोमाने येसूबाईकडे बघितलं. सही तिची होती.

येसूबाईने मान हलवली. "पुसायचं. राहिलं तर वाईट दिसतं."

किती वर्षांनी दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. सोमालाही बरं वाटलं असावं. फ्लॉपीत जागा कमी असते, जेवढं पुसता येईल तेवढं त्याला हवंच होतं. त्याने त्याप्रमाणे लिहिलं. उसनं घेतलं की मशीनमध्ये एक ओळ यायची, परत केलं की ती ओळ नाहीशी व्हायची. येसूबाईला ते इतकं आवडलं की तिने त्याला दोनदा करून दाखवायला लावलं.

दसरा झाला आणि तपासणीचे साहेब आले. साताऱ्याकडचे, उंच, बोलायला कंजूष. सोमाने त्या दिवसाची रजा काढली होती. गजाही आला होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पहिली खेप तयार होऊन खोक्यांत भरलेली होती.

साहेबांनी थंड खोलीत बसून खिशातून चिठ्ठी काढली. "गिरणीकडून कळलंय. चौदा नंबरच्या लॉटला औषध नीट लागलेलं नाही. पावसात बुरशी धरेल. चौदाच्या सगळ्या पिशव्या बाजूला काढा."

हीच खरी परीक्षा होती. येसूबाईने स्वतः बोटाने कळा दाबल्या. हिरव्या अक्षरांत खोक्यांचे नंबर आले. हमालांनी ती खोकी ओढून भिंतीला लावली. साहेबांनी घड्याळात बघितलं आणि मान डोलावली. नागूशेठनी चहा सांगितला. येसूबाईला वाटलं, झालं.

मग साहेब उठले, चांगल्या म्हणून ठेवलेल्या ढिगातलं एक खोकं उघडलं आणि खालची एक पिशवी काढली. खिशातल्या ब्लेडने आतली शिवण उसवली. कापडाच्या किनारीवर गिरणी वार-वारभर अंतराने लॉटचा शिक्का मारते, तो शिवणीत जातो. साहेबांनी किनार उलटी केली.

चौदा.

त्यांनी दुसरं खोकं उघडलं. त्यातली पिशवी ठीक निघाली. तिसऱ्यातली पुन्हा चौदा.

"तुमची नोंद खोटी आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "चांगली कुठली, वाईट कुठली, तुम्हालाच माहीत नाही. सगळी खेप नाकारावी लागेल. पुढचं कंत्राटही राहणार नाही."

नागूशेठनी येसूबाईच्या कमरेकडे बघितलं.

"मी सांगितलं होतं," पडद्यावर 'उसनं' हा शब्द बघत गजा म्हणाला. "आमच्या प्रोग्राममध्ये उसनं हा प्रकारच नाही. म्हणजे चूकच झाली नसती."

"दिसली नसती," सोमा म्हणाला. तो पांढरा पडला होता. तो येसूबाईजवळ आला आणि हळू बोलला. "ताग्याबद्दल तागा फिटला, पण गेलेला चौदाचा होता आणि आलेला दुसराच. ओळ पुसली तेव्हा तेही पुसलं गेलं. मी तुमच्या मापाने शिवला, बाई. माप घेताना तुम्ही वाकून उभ्या होतात, तसाच शिवला."

"कुठला तागा कुनाकडं राहिला ते कळलं तर?"

"दिवस आणि टेबल सांगा. स्टोअरमधून कुठला तागा कधी, कुठल्या टेबलाला दिला ते मशीनमध्ये आहे. त्यावरून मी लावतो. पण मधली फिराफिर सांगायला माणूस पाहिजे."

येसूबाईने साहेबांना विचारलं, "संध्याकाळपर्यंत थांबाल का?"

"चारच्या पुढे नाही."

ती कटिंगच्या शेडमध्ये गेली. गोदूबाई एक नंबर टेबलाशी उभी होती. बातमी तिच्याआधी पोचली होती.

"गोदू," येसूबाई हळू म्हणाली, "गौरीपासून आजपर्यंत कुठला तागा कुनी कुनाकडनं नेला, तेवढं आठवून सांग. मशीनमधनं पुसलं गेलंय."

"मग बरं झालं. फिटलेलं पुसायचंच असतं. तूच मान हलवलीस तवा."

"आता सांग. सगळ्यांच्या पोटाचा सवाल हाय."

"मी फिटलेलं काढत नाय, बाय. मला आयशीने तसं शिकवलं नाय." ती बोलत होती येसूबाईशी, पण नजर चावीवर होती. "आन् पोटाचं काय. शेठ काहीतरी करंल. नवा मानूस ठेवंल स्टोअरला."

येसूबाई धोंडूबाईकडे वळली. धोंडूबाई कापडाची घडी नसताना घडी घालू लागली.

येसूबाई तिथेच उभी राहिली. हात जोडून ती पावणार नव्हती. जावेला ती इतकी वर्षं ओळखत होती, तिचा नुसता राग येण्यासाठीसुद्धा नीट ओळख लागते. गोदू एकाच गोष्टीवर गप्प राहू शकत नव्हती. तिला कुणी उसनं बुडवणारी म्हटलेलं तिने आजवर ऐकून घेतलं नव्हतं. पण तिथवर नेण्यासाठी आधी तिला पेटवायला हवं होतं, आणि ते लाकूड येसूबाईकडे होतं. ते एकदा जाळलं की पुन्हा मिळणार नव्हतं.

तिने दाराकडे बघितलं. दारात साहेब, शेठ, गजा आणि वही घेतलेला सोमा येऊन उभे होते.

"तुझ्या लग्नात तुझ्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती," येसूबाई सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी म्हणाली, "ती माझी होती."

कात्र्या थांबल्या.

"बापाने घातली म्हणून गावभर मिरवलीस. पूजा झाली तशी काढून दिलीस माझ्याकडं. उसनी होती."

गोदूबाईचा चेहरा आधी रिकामा झाला. मग त्यात रक्त आलं. "बाय," ती म्हणाली, "तोंड सांभाळ."

"खोटं हाय?"

"दिली का नाय परत? एक पुतळी तरी कमी होती? आन् भावजींच्या बाराव्याला भात कुनाचा शिजला तुझ्याकडं? माझ्या कणगीतला. मी कधी काढलं नाव? कधी काढलं?"

ते येसूबाईला लागलं. तिला वाटलं होतं तयारी आहे, पण ती तांदळासाठी नव्हती. तरी ती थांबली नाही.

"परत दिला मी. मापाने दिला. तुझ्यासारखा वारभर कमी नाय दिला."

"काय कमी?"

"साखरचौथीच्या आधीच्या गुरुवारी माझ्याकडनं तागा नेलास. परत आला तो कमी भरला."

"कमी?" गोदूबाईने कात्री टेबलावर टाकली. "मी कमी दिला? अख्खा दिला, दोरा न तोडलेला. आन् तो माझा पण नव्हता, धोंडूबाईकडनं घेतला शनवारी सकाळी. सांग गं हिला."

"माझ्याकडनं नेला तो," धोंडूबाई म्हणाली, "पण फुकट नाय. गौरीच्या टायमाला ह्या एक नंबरवाल्यांनी माझा अर्धा तागा संपवला होता."

"संपवला? पोळी लाटायला घेतलं होतं का मी कापड? तूच म्हणालीस ने म्हणून. आन् तुझी माणसं सर्वपित्रीला लवकर गेली तवा तुझ्या टेबलावरचा उरलेला कोनी कापला? आमी."

"कापला आन् पैसे तुमच्या नावावर लावले."

"परत दिला की तुला घटस्थापनेला."

"तो येसूबाईच्या खात्यातला होता, तुमचा कुठला."

सोमा दारातून आत आला होता. "गौरी बसल्या त्या दिवशी," त्याने विचारलं, "की जेवल्या त्या दिवशी?"

"तू गप रं," गोदूबाई आणि धोंडूबाई एकदम म्हणाल्या. मग गोदूबाई म्हणाली, "जेवल्या त्या दिवशी. दुपारी."

सोमाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि तारीख लिहिली.

आता बाकीच्या बायकाही उतरल्या. कुणी कुणाला काय दिलं, किती परत आलं, कुठला तागा रुंदीला कमी होता, कुणी आपला चांगला ठेवून दुसऱ्याचा वापरला. मनात साठलेलं बरंच होतं. येसूबाई फक्त एकेक ठिणगी टाकत गेली. तुझा पण कमी होता, म्हणायची, आणि समोरची तागा, दिवस, साक्षीदार, सगळं पुढे मांडायची. कापडाबरोबर कोंबड्या निघाल्या, एका बाईचं खोपोलीच्या दवाखान्यात राहिलेलं भाडं निघालं, कुणाची नणंद निघाली. सोमाने त्यातलं कापड तेवढं उचललं आणि थंड खोलीत पळाला. थोड्या वेळाने परत आला, एक प्रश्न विचारला, दोन शिव्या आणि एक उत्तर घेऊन पुन्हा गेला.

साहेब दाराला टेकून उभे होते. त्यांचा चहा निवला.

चार वाजायच्या आत सोमाने खोक्यांचे नवे नंबर दिले. हमालांनी काही खोकी या ढिगातून त्या ढिगात नेली, काही परत आणली. साहेबांनी ब्लेड काढलं आणि दोन्ही ढिगांतल्या पिशव्या उसवत बसले. वाईट ढिगात चौदा निघत राहिला. चांगल्या ढिगात एकदाही निघाला नाही.

"वाईट ढीग परत जाईल," ते शेवटी म्हणाले. "बाकी पास." मग सोमाकडे वळून, "इथून पुढे मशीनमधून काही पुसायचं नाही. फिटलं तरी नाही."

कागद येसूबाईसमोर आला. तिने सही केली. नागूशेठ गजाला गाडीपर्यंत सोडायला गेले आणि त्याची समजूत घालत बराच वेळ तिकडेच राहिले.

संध्याकाळी रस्त्यावरून गावाकडे जाताना गोदूबाई पुढे चालत होती. रोज ती मागे असायची. ओढ्यापाशी ती थांबली.

"वार कमी नव्हता," ती म्हणाली.

"माहीत हाय."

"मग म्हटलंस का?"

"तू बोलली नसतीस."

गोदूबाईला तेव्हा कळलं. तिने येसूबाईकडे नीट बघितलं, बाजारात फसवलेल्या माणसाने त्या दुकानाकडे बघावं तसं. "मला भांडायला लावलंस तू."

"चावी तुझ्याकडं गेली असती, गोदू."

"वाराचं मी समजू शकते. धंद्यातलं हाय. माळ कशाला काढलीस?"

येसूबाईकडे उत्तर होतं. नुसत्या वारावरून तू पेटली नसतीस, हे. पण ते देताना तिला ती मुलगी आठवली. हळदीच्या अंगाने आतल्या खोलीत उभी, मान इतकी बारीक की माळेला मागे गाठ मारून आखूड करावी लागली. सासूला कळू नये म्हणून दोघी श्वास धरून होत्या. बाय, मी जन्मभर विसरणार नाय, असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि येसूबाईने तिच्या तोंडावर हात ठेवून म्हटलं होतं, विसरायचंच असतं.

"बोल की," गोदूबाई म्हणाली.

"काय बोलू."

"माझ्या पोरीचं लग्न हाय माघात. आता मांडवात सगळ्या बायका तिच्या गळ्याकडं बघतील, ह्यातलं कोनाचं म्हणून. एवढं केलंस तू." ती पुढे चालू लागली. "चावी ठेव."

दिवाळीनंतर सोमाने मशीन दुरुस्त करून दिलं. आता कॉम्प्युटरवर उसन्यासाठी वेगळा पडदा होता. कुणी दिलं, कुणी घेतलं, गेलेला लॉट कुठला, आलेला कुठला, सगळं कायमचं राहणारं. तो जाताना येसूबाईने त्याला स्टोअरमधल्या तिच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतःच्या ग्लासातून चहा दिला. त्याने तो घेतला.

तो पडदा रिकामाच राहिला. त्या दिवसानंतर कटिंगमध्ये कुणी कुणाकडून काही उसनं घेतलं नाही. आपण घेतलेलं एक दिवस चारचौघांत मोठ्याने वाचलं जाऊ शकतं, हे सगळ्यांनी बघितलं होतं. तागा संपला की टेबल थांबायचं. बाजूच्या टेबलावर अर्धा तागा पडलेला असायचा आणि इकडे बायका हात मांडीवर घेऊन बसायच्या. येसूबाई बँकेत गेलेली असेल, जेवत असेल, तर ती येईपर्यंत बसायच्या. नग कमी व्हायचे, पगार कमी व्हायचा, आणि स्टोअरच्या खिडकीशी आल्यावर त्या तिच्याकडे ज्या नजरेने बघायच्या तिच्यात हे सगळं असायचं. लष्कराचे साहेब मात्र खूश होते. नोंद कधीच चुकली नाही.

पौषातल्या एका दुपारी गोदूबाई खिडकीशी आली. हातात मागणीची चिठ्ठी होती, नियमाप्रमाणे भरलेली. येसूबाईने ती घेतली, कपाट उघडलं, तागा काढून फळीवर ठेवला. मग चावी हातात धरून म्हणाली, "गोदू, लग्नाला मी काय करू ते सांग. पीठ, लाडू, काय पन. वरण-भाताचं सगळं माझ्याकडं दे."

गोदूबाईने तागा काखेत घेतला. चिठ्ठीवरची एक जागा मोकळी होती, तिथे तिने पेन्सिल टेकवली.

"लॉट नंबर सांगा, बाई," ती म्हणाली.

येसूबाईने नंबर सांगितला.